मालगाडीवरचा माणूस कमी होणार, अशी कुणकुण लागली तर

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला दारात एक पोरगा उभा. नागपूरच्या अजनी लॉबीचा (जिथे गाडीवाले ड्युटीची सही करतात) असिस्टंट लोको पायलट, आमच्या जुन्या क्वार्टरच्या शेजाऱ्याचा मुलगा. हातात मोबाईल, तोंड उतरलेलं. "काका, हे पाहा. गार्ड काढून राहिले. उद्या आम्हालेबी काढतीन." मेसेज वाचला. कोणत्या विभागाचा, कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा, काही पत्ता नाही. खाली मात्र ठळक अक्षरांत 'जास्तीत जास्त शेअर करा'.

मी एकोणतीस वर्षं मालगाडीच्या मागच्या डब्यात बसलो. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने गार्डचं नाव ट्रेन मॅनेजर केलं, तोवर मी घरी बसलो होतो, म्हणून मी गार्डच राहिलो. युनियनच्या शाखेत भाषणं दुसरे करायचे, लिखापढी माझ्याकडे असायची, कारण अक्षर बरं होतं आणि कार्बन कॉपी मी फेकत नसे. त्या रात्री पोराला जे सांगितलं तेच इथे लिहितो. संप कसा करायचा हे यात नाही. साहेबाला बाजूला सारता येणार नाही असा आक्षेप कसा तयार करायचा, तेवढंच आहे.

कागद हातात आल्याशिवाय तोंड उघडू नका

'माणूस कमी' म्हटलं की त्यात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि चारींना उत्तर वेगळं.

एक, ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा मागचा डबा, काढायची आणि शेवटच्या वॅगनला ईओटीटीचं, म्हणजे गाडीच्या टोकाची खबर इंजिनात देणारं, यंत्र लावायचं. दोन, ब्रेकव्हॅन जागेवर, यंत्र-बिंत्र काही नाही, पण 'आज गार्ड शॉर्ट आहे, तशीच घेऊन जा'. तीन, इंजिनात असिस्टंट नको, लोको पायलट एकटा.

चौथी गोष्ट कोणाच्या ध्यानातच येत नाही. दोन, तीन, पाच रेक, म्हणजे वॅगनच्या अख्ख्या माळा, जोडून एकच गाडी चालवायची. आपल्या इकडचंच उदाहरण घ्या. जुलै २०२० मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाने चार रिकामे रेक जोडून 'शेषनाग' चालवली, लांबी २.८ किलोमीटर. १५ ऑगस्ट २०२२ ला 'सुपर वासुकी' निघाली, कोरब्याहून राजनांदगावला, २९५ वॅगन, साडेतीन किलोमीटर, सुमारे २७,००० टन कोळसा. पेपरात फोटो आले, आम्हीही कौतुकाने पाहिले. पण पाच गाड्यांची एक झाली की माणसांचा हिशेबही बदलतो, न् त्यावर कोणी घोषणा देत नाही. अशा गाडीचा आदेश निघाला तर किती माणसं, ती कुठे बसलेली आणि मधल्या दीड किलोमीटरकडे कोण पाहणार, हे आधी वाचा.

कागद लॉबीच्या नोटीस बोर्डावर नसेल तर माहितीचा अधिकार आहे. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर लावा नाहीतर केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन भरा. उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा गोलमाल आलं, तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत.

इथे नागपूरवाल्यांची एक खास अडचण आहे. आपल्याकडे 'नागपूर विभाग' दोन. एक मध्य रेल्वेचा, त्याचं मुख्यालय मुंबई. दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा, त्याचं बिलासपूर. अजनी, वर्धा, बल्लारशा, आमला पहिल्यात. इतवारी, कामठी, गोंदिया दुसऱ्यात. मी स्वतः एकदा नुसतं 'नागपूर विभाग' लिहून अर्ज चुकीच्या दारात टाकला. कायद्याने तो त्यांनी पाच दिवसांत पुढे पाठवायला हवा. तो कधी पोचला ते विचारू नका. लिफाफ्यावर रेल्वेचं पूर्ण नाव घाला.

अर्जात 'का' विचारू नका. 'गार्ड का काढत आहात?' याला उत्तर येतं की हा माहितीच्या व्याख्येत बसत नाही. प्रत मागा, यादी मागा. असं:

'दि. … ते दि. … या काळात आपल्या विभागातून ट्रेन मॅनेजरशिवाय सोडलेल्या मालगाड्यांची तारीखवार यादी. त्यासंबंधीच्या आदेशांच्या प्रती. ईओटीटी लावून चालवलेल्या गाड्यांची तारीखवार यादी व प्रवासात ते यंत्र बंद पडल्याच्या नोंदींच्या प्रती. मालगाडी ट्रेन मॅनेजरची मंजूर पदे आणि आज भरलेली पदे.'

शेवटचा प्रश्न विसरू नका. कितीदा तरी 'नवीन तंत्रज्ञान' या नावाखाली खरी गोष्ट एवढीच असते की भरतीच झालेली नाही. नोकरीत असलेल्यालाही अर्ज करायला बंदी नाही, पण धाकधूक वाटत असेल तर माझ्यासारख्या रिकामटेकड्याला कामाला लावा. पोस्ट ऑफिसपर्यंत चालणं डॉक्टरनेच सांगितलं आहे.

यंत्राला शिव्या देऊ नका

आमच्या लोकांची पहिली चूक हीच. सभेत उठून म्हणतात, 'ते डबडं काय कामाचं?' डबडं कामाचं आहे. मागच्या वॅगनवरचं यंत्र ब्रेक पाइपचा दाब मोजतं आणि रेडिओवरून इंजिनात कळवतं. गाडीचा भाग सुटला तर लोको पायलटला समोर दिसतं. टेललॅम्पही त्यातच. अमेरिकेत १९८० च्या दशकात मालगाडीमागचा गार्डचा डबा गेला तो अशाच यंत्रामुळे. म्हणजे ही काही काल निघालेली वस्तू नाही. तुम्ही त्याला डबडं म्हणालात की साहेब दोन पानांची माहिती वाचून दाखवतो आणि सभागृहात तुमचं हसं होतं.

मग आमचा आवडता किस्सा. मीही तो बरीच वर्षं रंगवून सांगत आलो. माजरीकडून कोळसा भरून कोराडीला येत होतो, ५८ वॅगन. सिंदीच्या पुढे रात्री पावणेदोनला ब्रेकव्हॅनमधल्या गेजचा काटा सरळ शून्यावर. गाडी उभी. वॉकीटॉकीवर ड्रायव्हर म्हणाला, होज, म्हणजे ब्रेकच्या हवेची रबरी नळी, फुटली वाटते. असिस्टंट इंजिनाकडून निघाला, मी मागून. पाऊस, गिट्टी निसरडी, एका हातात टॉर्च. मागून सतराव्या वॅगनपाशी फुस्स आवाज ऐकू आला, म्हणजे इंजिनाकडून बेचाळिसावी. मी दिवा हलवून जागा दाखवली, तो नवीन होज घेऊन पोचला, आम्ही दोन्हीकडचे हवा अडवायचे अँगल कॉक बंद केले, होज बदलली, कॉक उघडले. गाडी पावणेतीनला सुटली.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी कागदावर मांडून पाहिलं. मी नसतो तर? असिस्टंट समोरून चालत आलाच असता. होज त्याच्याच खांद्यावर होती. त्याला आवाज चार-सहा मिनिटं उशिरा ऐकू आला असता. पाइप परत भरल्यावर मागचा दाब मी डब्यात जाऊन पाहिला, ते ईओटीटीने बसल्या जागी दाखवलं असतं, उलट माझ्या चालण्याची दहा मिनिटं वाचली असती. म्हणजे ज्या किश्शावर आम्ही टाळ्या घ्यायचो, तो यंत्राच्याच बाजूचा निघाला!

म्हणून तुमच्या वहीतून असे किस्से आधी गाळा. जिथे यंत्राकडे उत्तरच नाही, असे प्रसंग शोधा.

माझा एक सांगतो. मे महिना, दुपारी तीनचा सुमार, ब्रेकव्हॅनच्या कठड्याला हात लावला तर कातडं निघेल अशी आग. तोच मार्ग, भरलेली गाडी. मला वास आला. ब्रेक ब्लॉक घासून तापल्याचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. रबर जळाल्यासारखा, पण खाली लोखंडाचा. बाहेर वाकून पाहिलं तर मागून बाराव्या वॅगनच्या चाकाशी निळसर धूर. गेजवर काटा ४.८ वर, ठणठणीत. ड्रायव्हरला सांगून गाडी बोरखेडीला लूपमध्ये, बाजूच्या लाइनवर, घेतली. चाक असं तापलं होतं की जवळ उभं राहवेना. हँडब्रेक अर्धवट आवळलेला, भरताना कोणीतरी लावला न् सोडायचा राहिला.

यात दोन गोष्टी पाहा. पाइपमधला दाब बरोबर होता, म्हणजे मागचं यंत्र 'सगळं ठीक' असंच सांगत राहिलं असतं. आणि वास, धूर, ठिणग्या वाऱ्याने मागे जातात. इंजिनातल्या दोघांना ते कळायला वळण लागतं आणि नशीब लागतं. मागे बसलेल्याला फक्त नाक लागतं.

तिसरी गोष्टही लिहायला हवी, जी मी बरीच वर्षं लपवली. सायडिंगमधून निघण्याआधी गार्ड आणि ड्रायव्हरने मिळून रेक तपासायचा असतो, त्याला आपण जीडीआर म्हणतो. त्या दिवशी उन्हामुळे शेवटच्या पंधरा वॅगन मी लांबूनच पाहिल्या. तो हँडब्रेक मला तिथेच दिसायला हवा होता. चूक माझी. तुमच्या वहीत अशी चूक असेल तर ती स्वतःहून लिहा, कारण साहेबाकडे तुमची फाईल असते आणि तो ती काढणारच. आधी आपण सांगितलं की पुढचं वाक्यही आपल्यालाच बोलता येतं: जीडीआरमधला 'जी' काढला तर ५८ वॅगनच्या दोन्ही बाजू एकटा 'डी' कधी पाहणार?

असाच आणखी एक मुद्दा गेटमनचा. मधल्या वॅगनला काही लोंबकळत असलं, आग दिसली, तर ते गेटमनला कधी दिसतं? इंजिन पुढे निघून गेल्यावर. तो लाल झेंडी दाखवतो ती कोणाला? मागून येणाऱ्या गार्डला. गार्ड नसेल तर झेंडी पाहायला कोणी नाही. फोन करून स्टेशनला कळवता येतं, त्यात मिनिटं जातात. ती किती जातात हे तुमच्या सेक्शनच्या गेटमनला विचारून लिहून घ्या.

वही कशी ठेवायची

शंभर पानी, उभ्या रेघांची, दहा रुपयांची कोणतीही. मोबाईलमध्ये नको. एक तर ड्युटीवर मोबाईल हातात दिसला तर आक्षेपाचं राहू द्या, तुमचंच चार्जशीट निघेल. दुसरं, स्क्रीनशॉटवर कोणी विश्वास ठेवत नाही, पण शाईने लिहिलेल्या, चहाचे डाग पडलेल्या वहीवर ठेवतात. का ते मला विचारू नका, तीस वर्षांचा अनुभव आहे.

लॉबीत साइन ऑफ केल्यावर दहा मिनिटं काढायची. रकाने एवढेच: तारीख, गाडी, वॅगन किती, भरलेली की रिकामी, कुठे थांबली, किती वाजता, त्या वेळी ड्रायव्हर कुठे, असिस्टंट कुठे, गार्ड कुठे, कोणी काय केलं, किती मिनिटांत, एक माणूस कमी असता तर ते काम कोणी केलं असतं. शेवटच्या रकान्यात 'कोणीच नाही' असं आलं, तर त्या ओळीला खूण करा. 'उशिरा झालं असतं' असं आलं, तर मिनिटं लिहा. 'काही फरक नाही' आलं, तर तेही लिहा. अशा ओळी वहीत असल्या की बाकीच्या ओळींना वजन येतं.

किमान तीन महिने लिहा. एकट्याने नाही, वेगवेगळ्या लिंकमधल्या, म्हणजे ड्युटीच्या पाळ्यांतल्या, आठ-दहा जणांनी. ड्रायव्हर, असिस्टंट, गार्ड तिघांच्या वह्या एकाच प्रसंगाबद्दल जुळल्या तर त्यासारखा पुरावा नाही.

काही प्रसंग घडायची वाट पाहावी लागत नाही, ते पायांनी मोजता येतात. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अपघाताने वा बिघाडाने अडकली आणि पुढे जाऊ शकत नाही, तर आपल्या नियमाप्रमाणे रुळावर इशाऱ्याचे फटाके ठेवायचे, ६०० मीटरवर एक न् १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. पुढची बाजू आणि शेजारची लाइन असिस्टंट सांभाळतो, मागची गार्ड. आता गार्ड काढा. असिस्टंट पुढे १२०० गेला, परत १२०० आला, मग गाडीची लांबी ६५० मीटर, मग मागे आणखी १२००. झाले ४,२५० मीटर, गिट्टीवरून, रात्री. अजून एकाही वॅगनकडे त्याने पाहिलेलं नाही. लोको पायलटने इंजिन सोडायचं नाही. शेजारच्या लाइनवरून येणारी गाडी तोवर थांबणार आहे का?

हे कागदावर लिहून भागत नाही. सुट्टीच्या दिवशी कुठल्या तरी मोकळ्या रस्त्यावर, रुळावर अजिबात नाही, जोडे घालून ४,२५० मीटर चालून पाहा आणि घड्याळ लावा. आमच्यातल्या एकाने, वय पंचावन्न, गुडघे दुखणारा, अंबाझरीच्या रस्त्यावर चालून पाहिलं. त्रेपन्न मिनिटं, तेही डांबरावर. मग आक्षेपात लिहायचं: डांबरावर ५३, गिट्टीवर किती, हे प्रशासनाने आपल्या सेफ्टी काउन्सेलरला चालवून सांगावे. हे वाक्य मला फार आवडतं.

अमेरिकेचा दाखला देताना सांभाळा

कोणीतरी उठून म्हणणारच, 'अमेरिकेत पाहा, दोन माणसं कायद्याने ठेवली.' अर्धं खरं आहे. तिथल्या रेल्वे सुरक्षा खात्याने एप्रिल २०२४ मध्ये नियम केला की मालगाडीवर साधारणपणे दोन माणसं हवीत, इंजिनियर (म्हणजे ड्रायव्हर) आणि कंडक्टर (आपल्या गार्डसारखा). अपवाद ठेवले आहेत. पण साहेब लगेच म्हणेल, 'मग दोनच ठेवू, तुमच्याकडे तीन आहेत.' तेव्हा काय बोलणार?

बोलायचं ते हे. तिथे एकेकाळी मालगाडीवर पाच जण असायचे: इंजिनियर, फायरमन, कंडक्टर आणि दोन ब्रेकमन. एकेक जण गेला, प्रत्येक वेळी 'हा शेवटचा' म्हणून. आता भांडण दोनाचं एक होऊ नये यावर आहे. २०१४ मध्ये बीएनएसएफ या कंपनीवर एकट्या इंजिनियरने गाडी चालवायचा प्रस्ताव आला, तो युनियनच्या पुढाऱ्यांनी वाटाघाटीत तात्पुरता मान्यही केला होता. सप्टेंबरात सभासदांनी मतदान केलं आणि फेटाळला. माझ्या मते आपल्या शाखांनी यातून एक गोष्ट उचलावी. वर काहीही ठरो, खालच्या गाडीवाल्याचं मत कागदावर आल्याशिवाय सही करायची नाही.

आणि लाक-मेगांतिक. कॅनडातलं गाव, ६ जुलै २०१३. एकट्या माणसाने चालवलेली ७२ टाक्यांची तेलगाडी चढावर उभी करून तो झोपायला गेला. इंजिनाला आग लागली, इंजिन बंद केलं गेलं, ब्रेकमधली हवा उतरली, हँडब्रेक पुरेसे लावलेले नव्हते. गाडी घरंगळत गावात शिरली, ४७ माणसं मेली. आमचे लोक हे सांगून 'एकटा होता म्हणून झालं' असं ठोकून देतात. तसं करू नका. तिथल्या चौकशीने अठरा कारणं काढली, आणि दुसरा माणूस असता तर हे टळलंच असतं, असा निष्कर्ष काढलेला नाही. साहेबाने तो अहवाल वाचला असेल तर तुम्ही तोंडावर पडाल. एवढंच म्हणा: गाडी बांधून ठेवणं हे हातांचं काम आहे, किती हात आहेत त्यावर किती हँडब्रेक लागतात. पुढे आपल्याकडचं जोडा. २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून गिट्टीची मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली ती सत्तर किलोमीटरच्या आसपास पळून पंजाबात उंची बस्सीला थांबली. कोणी दगावलं नाही ही देवाची कृपा. मग विचारा: आपल्या आदेशात गाडी स्टेबल करताना, म्हणजे उभी करून सोडताना, मागच्या टोकाचे हँडब्रेक कोण आवळणार, त्याचं पद लिहा.

आक्षेप कुठे द्यायचा, कसा लिहायचा

पीएनएम म्हणजे कायमस्वरूपी वाटाघाटीची यंत्रणा, १९५२ पासूनची. विभागाच्या पातळीवर दर दोन महिन्यांनी बैठक. तिथे बसायचा हक्क मान्यताप्राप्त युनियनला. गार्ड कौन्सिल किंवा लोको रनिंगवाल्यांची असोसिएशन कितीही जोरदार असो, त्यांचा मुद्दा त्या टेबलावर थेट चढत नाही. म्हणून एकच मसुदा दोघांनाही द्या आणि झेंड्याच्या रंगावरून भांडू नका. वडील रेल्वेच्या मोतीबागेत होते, १९७४ चा रेल्वे संप त्यांनी पूर्ण केला, ८ मे ते २७ मे. आई सांगायची, त्या वीस दिवसांत तुरीची डाळ उधार कोणी दिली न् कोणी नाही, हे तुझे वडील मरेपर्यंत विसरले नाहीत. पण मला त्यांच्या तोंडून जास्त ऐकायला मिळालं ते त्याच्या आदल्या वर्षाचं. १९७३ च्या ऑगस्टात लोको रनिंगवाल्यांच्या संपानंतर सरकारने दहा तासांच्या ड्युटीचं तत्त्व मान्य केलं. मागणीत आकडा होता, म्हणून मान्य केलं की नाही हे मोजता तरी आलं.

तर मुद्दा लिहिताना 'कर्मचाऱ्यांत तीव्र असंतोष आहे' हे वाक्य नको. ते छापूनच ठेवलेलं असतं, साहेब वाचतही नाही. असं लिहा:

'दि. … च्या आदेशानुसार अमुक सेक्शनमध्ये ट्रेन मॅनेजरशिवाय मालगाड्या चालवल्या जात आहेत. सोबत … ते … या काळातील नोंदी जोडल्या आहेत. त्यांपैकी इतक्या प्रसंगांत केलेले काम ईओटीटी यंत्र करू शकत नाही. ही कामे यापुढे कोणते पद करील, त्याला किती वेळ लागेल व त्या वेळेत शेजारच्या लाइनचे संरक्षण कसे होईल, हे प्रशासनाने पदनिहाय लेखी कळवावे. तोपर्यंत आदेश स्थगित ठेवावा.'

'स्थगित ठेवावा' लिहा, 'रद्द करा' नको. रद्द करायला त्याला वर विचारावं लागतं, स्थगित ठेवणं त्याच्या हातात असतं. उत्तर आलं की त्यात पद आहे का ते पाहा. 'योग्य ती व्यवस्था केली आहे' असं असेल तर तोच मुद्दा पुढच्या बैठकीला परत, उत्तराच्या प्रतीसह. मी एक मुद्दा पाच बैठका चालवला होता. ब्रेकव्हॅनमध्ये दिवा नाही, हा. पाचव्या वेळी दिवा आला, सहा महिन्यांत बिघडला, तो वेगळा विषय.

उद्याच सांगितलं, 'गार्ड नाही, गाडी घेऊन जा', तर

हा प्रश्न पोराने सगळ्यांत आधी विचारला होता, मी मुद्दाम शेवटी घेतला. नकार देऊन लॉबीत बसू नका, त्यात फक्त तुमचं नाव येतं. लेखी मेमो मागा. मेमोत गार्डशिवाय गाडी चालवण्याचा स्पष्ट उल्लेख हवा. शेवटच्या वॅगनचा नंबर स्वतः डोळ्यांनी पाहून लिहून घ्या, यादीवरून उतरवू नका, आणि तो पुढच्या स्टेशनांना कळवला का हे स्टेशन मास्तरला विचारा, कारण गाडी पूर्ण आली की नाही हे तो त्या नंबरवरून ठरवणार. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे ब्रेक तपासल्याचा दाखला, पाहा. तपासणीला जेवढा वेळ लागतो तेवढा घ्या, एक मिनिट जास्त नाही, एक मिनिट कमी नाही. कंट्रोलवरून फोन आला, 'गाडी काहून सुटत नाही?', तर शांतपणे सांगा, 'साहेब, गार्डचं काम करून राहिलो,' आणि ती वेळ वहीत घाला.

पत्रकाराला मुलाखत देऊ नका, १९६६ चे आचारनियम आड येतात. बोलायचंच असेल तर युनियनचा पदाधिकारी बोलेल, नाहीतर आम्ही म्हातारे आहोतच. रुळावर उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही, कितीही राग आला तरी.

परवा तो पोरगा परत आला. वही घेऊन. पहिलं पान भरलं होतं: तारीख, गाडी, ५८ वॅगन, बुटीबोरीला दोन तास खोळंबा, गार्ड नाही, मेमो मिळाला. अक्षर डॉक्टरसारखं. मी चष्मा लावून वाचलं. "शेवटच्या वॅगनचा नंबर कुठे आहे?"

"तो मेमोवर होता काका."

"मेमोवर होता. तू पाहिला होता?"

गप्प बसला. हिने पोह्यांची प्लेट आणून ठेवली होती, ती मी त्याच्याकडे सरकवली आणि वही परत दिली. त्याने पेन काढलं, त्या रकान्यात लिहिलं, 'पाहिला नाही.'